तुळशीशेजारची रोझमेरी

*"नमस्कार. मी पुण्यात कर्वेनगरला तिसऱ्या मजल्यावर राहते. गॅलरी दक्षिणेला आहे. तीन वर्षांपूर्वी जानेवारीत एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन पाहून येताना रोझमेरीचं रोप आणलं, कारण नातवाला भाजलेल्या बटाट्यांवर ती फार आवडते. उन्हाळाभर छान होतं. जुलैत खालची पानं काळी पडली, मग वरची तपकिरी झाली आणि पंधरा दिवसांत झाड गेलं. दुसऱ्या वर्षी जूनमध्ये आणलं, ते ऑगस्टही पाहू शकलं नाही. आताचं हे तिसरं. तुळशीच्या शेजारीच ठेवलंय. रोज सकाळी तुळशीला पाणी घालते तेव्हा यालाही तांब्याभर घालते. पानं तपकिरी व्हायला लागली तेव्हा वाटलं, पाणी कमी पडतंय. म्हणून दोनदा घालायला लागले, गांडूळखतही दिलं. आता अर्धं झाड वाळलंय आणि तुळस मात्र डोलतेय. हे रोप वाचेल का? सोसायटीच्या बागेत एक वाफा रिकामा आहे, तिथे लावलं तर? सुनेला केसांसाठी रोझमेरीचं पाणी करायचंय, तेवढी पानं एका कुंडीतून निघतील का? की माझ्या हाताला हे झाडच लागत नाही?"*

*– एक वाचक, कर्वेनगर*

ताई, तुमचं पत्र भर ऑगस्टात आलंय आणि रोप अजून अर्धं हिरवं आहे. त्यामुळे कारणं मागाहून सांगते, आधी आजच करायचं ते.

पाणी थांबवा. कुंडीखाली ताटली असेल तर ती काढून टाका. मग एखाद्या तपकिरी फांदीची साल नखाने हलकेच खरवडून बघा. आत हिरवं दिसलं तर फांदीत जीव आहे, कोरडं करडं दिसलं तर ती गेली. अशा मेलेल्या फांद्या कापून टाका. पुढे कुंडी आडवी करून रोप मातीच्या गोळ्यासकट बाहेर काढा आणि मुळं पाहा. निरोगी मुळं पांढरट, घट्ट असतात. कुजलेली काळपट होतात, त्यांना वास येतो, आणि चिमटीत धरून ओढलं की वरची साल निघून येते, आत नुसता दोऱ्यासारखा धागा उरतो. अशी मुळं स्वच्छ कात्रीने कापा. निम्म्याहून जास्त मुळं चांगली असतील तर कोरड्या, भुरभुरीत मिश्रणात (ते कसं करायचं हे पुढे आहे) रोप पुन्हा लावा. कुंडी आधीपेक्षा मोठी घेऊ नका, जमलं तर लहानच घ्या. खत अजिबात नको. आठवडाभर उजेडात पण थेट उन्हाच्या बाहेर ठेवा.

खरं सांगायचं तर अर्धं वाळलेलं रोझमेरीचं झाड क्वचितच सावरतं. म्हणून याच बैठकीत दुसरंही एक काम उरकून घ्या. जे शेंडे अजून हिरवे, टवटवीत आहेत त्यांचे चार-चार इंचांचे पाच-सहा तुकडे पेराच्या खाली कापा, फुलं किंवा कळ्या असतील तर खुडा, खालच्या निम्म्या भागातली पानं काढून टाका आणि अर्धी धुतलेली वाळू, अर्धं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) अशा ओलसर मिश्रणात खोचून ठेवा. एरवी फाटे लावले की लोक वरून प्लॅस्टिकची पिशवी बांधतात. पुण्याच्या ऑगस्टात ती बांधू नका, हवेत ओल आहेच, पिशवीत फाटे कुजतील. तीन ते सहा आठवड्यांत मुळं फुटतात. पाचातले दोन जगले तरी तुमचं चौथं रोप घरचंच होईल.

जुनी माती दुसऱ्या कुंडीत मिसळू नका, तुळशीच्या तर नाहीच. कुंडी गरम पाण्याने घासून, पहिलं कडक ऊन पडेल तेव्हा वाळवून मग वापरा.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, जो मला सगळ्यात जास्त लागला. ताई, तुमच्या हातात काही उणं नाही. ज्या हाताने तुळस डोलते त्याच हाताने रोझमेरी गेली, यातच उत्तर आहे. तुम्ही दोघींना सारखं वागवलंत.

वनस्पतिशास्त्रात या दोघी एकाच घरच्या, पुदिन्याच्या कुळातल्या. रोझमेरीचं शास्त्रीय नाव आधी रोझमेरीनस ऑफिसिनॅलिस होतं. २०१७ साली तिला साल्व्हियाच्या गोत्रात घेतलं, म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडच्या रोपवाटिकांमध्ये लाल तुऱ्यांचा जो साल्व्हिया येतो त्याची ती जवळची बहीण. पण तुळस वाढली ती आपल्या मोसमी पावसात, आणि रोझमेरी वाढली भूमध्य समुद्राच्या काठच्या खडकाळ, चुनखडीच्या उतारांवर. तुळशीचं पान रुंद, मऊ. तहान लागली की मान टाकते, पाणी घातलं की तासाभरात उभी राहते. ती बोलते आपल्याशी. रोझमेरीचं पान सुईसारखं, कडा खाली वळलेल्या, पोटाशी पांढुरकी लव. पाणी जपून वापरायला बनलेलं ते पान आहे. म्हणून ती मान टाकत नाही. तहान असो की कुजणं असो, ती बाहेरून बराच काळ जशीच्या तशी दिसते, आणि तपकिरी होते तेव्हा आतली गोष्ट बहुधा आटोपलेली असते.

त्यातून आणखी एक चकवा. मुळं कुजली की ती पाणी ओढू शकत नाहीत, त्यामुळे ओल्या मातीत उभं असलेलं झाडही वरून तहानेने वाळल्यासारखंच दिसतं. आपण बघतो, कळवळतो आणि पाणी घालतो. तुम्ही दिवसातून दोनदा घातलंत ते मायेपोटीच. अशा वेळी पानांकडे बघून काही ठरवू नका, कुंडी दोन्ही हातांनी उचलून बघा. जड लागली तर दुखणं पाण्याचं आहे. हलकी लागली तर तहानेचं.

तुमची रोपं पावसाळ्यातच का गेली? पुण्यात पाऊस फार पडतो म्हणून, असं वाटेल. तसं नाही. पुणे शहरात वर्षाला साधारण सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. रोममध्ये, जिथे रोझमेरी कुंपणाला लावतात, तिथेही जवळपास तेवढाच पडतो, थोडा जास्तच. फरक आहे तो वेळेचा. तिकडचा पाऊस थंडीतला, ऑक्टोबर-नोव्हेंबर-डिसेंबरचा, आणि जुलै हा त्यांचा सगळ्यात कोरडा महिना. आपला जुलै म्हणजे आठ-आठ दिवस सूर्यदर्शन नाही, वरून रिपरिप चालू, माती ओली आणि ओलीबरोबर उबदार. मुळं कुजवणाऱ्या बुरशीसारख्या जिवांना, पिथियम आणि फायटोफ्थोरा यांना, नेमकं हेच हवं असतं. त्यांचे बीजाणू मातीतल्या पाण्यात चक्क पोहत मुळापर्यंत येतात. संत्रा-मोसंबीच्या बागायतदारांना फायटोफ्थोरा चांगलाच ठाऊक आहे, डिंक्या रोग करणारा तो हाच. थंड ओल रोझमेरी सोसते. उबदार ओल तिला सोसत नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे: पुण्यात रोझमेरीचा सगळा विचार जून ते सप्टेंबर या चार महिन्यांकडे बघून करायचा. उरलेले आठ महिने तिला आपली हवा मानवते. कोरडी थंडी तर फारच.

आपल्याकडे झाड लावायचं ते पावसाळ्यात, हे इतकं अंगवळणी पडलंय की जूनमध्ये रोपवाटिकेत पाय ठेवायला जागा नसते. आंबा, जास्वंद, पारिजात खुशाल लावा तेव्हा. रोझमेरी मात्र दसऱ्यानंतर आणा. तुमचं दुसरं रोप जूनमधलं होतं. नवीन कुंडी, न रुजलेली मुळं आणि वरून पाऊस, त्याला वेळच मिळाला नाही. ऑक्टोबर ते जानेवारीत लावलेलं रोप जून येईपर्यंत पाच ते आठ महिने मुळं पसरतं आणि दमदार होतं. आणताना दाट, कोवळ्या लुसलुशीत रोपाला भुलू नका. बुडाशी थोडं लाकूड धरलेलं, बुटकं रोप निवडा. बियांच्या वाटेला जाऊ नका, त्या फार हळू आणि थोड्याच उगवतात.

आता माती. शेतकऱ्यांकडे एक फार नेमका शब्द आहे, वाफसा. पाऊस पडून गेल्यावर जमिनीतलं जास्तीचं पाणी निघून जातं, कणाकणांत हवा येते, माती ओली असते पण हाताला चिकटत नाही, ती अवस्था. रोझमेरीला बाराही महिने वाफसा लागतो. तो येतो मिश्रणामुळे. रोपवाटिकेतली लाल माती नुसती भरली तर दोन पावसांत ती विटेसारखी बसते. नुसतं कोकोपीट असेल तर ते पाणी धरून बसतं.

मी असं करते: दोन भाग भरड वाळू किंवा चाळलेला मुरूम, एक भाग पोयटा माती, एक भाग पूर्ण कुजलेलं जुनं शेणखत. विटांचा चुरा मिळाला तर मूठ-दोन मूठ. नदीची वाळू आता सहजी मिळत नाही, बांधकामाच्या सामानाच्या दुकानात क्रश सँड मिळते, ती चालते. पण ती बादलीत घेऊन दोन-तीन पाण्यांनी धुवा. तिच्यात दगडाची बारीक भुकटी असते आणि ती खाली बसून चिखलाचा थर करते. धुऊन जे भरड उरेल तेवढंच घ्या. तयार मिश्रण मुठीत दाबून मूठ उघडली की ते लगेच विस्कटलं पाहिजे. लाडू वळला गेला तर वाळू वाढवा.

कुंडी मातीची, रंग न लावलेली. माठातून पाझरतं तसं तिच्या भिंतीतून पाणी उडून जातं, तोच फायदा. पहिल्या वर्षी आठ इंची, मग दहा. छोट्या रोपाला एकदम मोठी कुंडी दिली की मुळं पोहोचत नाहीत त्या भागातली माती ओलीच राहते आणि कुजणं तिथून सुरू होतं.

कुंडीच्या तळाशी खडी किंवा खापऱ्यांचा थर द्यायची आपल्याकडे जुनी पद्धत आहे, त्याने निचरा होतो असं सगळेच सांगतात. होत नाही. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या खड्यांत सहज उतरत नाही, ते मातीच्या तळाशीच अडून राहतं. म्हणजे थर जेवढा जाड तेवढा तो ओला पट्टा मुळांच्या जवळ सरकतो. भिजलेला स्पंज जाळीवर ठेवून बघा, खाली मोकळी जागा असूनही त्याचं बूड ओलंच राहतं. भोक बुजू नये म्हणून एक खापरी किंवा जाळीचा तुकडा पुरे. त्यापेक्षा कुंडी दोन विटांवर उचलून ठेवा, भोकाखाली हवा खेळली पाहिजे.

रोप लावताना मुळांभोवती रोपवाटिकेतला कोकोपीटचा घट्ट गोळा असतो. तो तसाच ठेवला तर बाहेरची माती सुकते आणि गोळा आत भिजलेला राहतो. बोटांनी हलकेच मोकळा करा. आणि रोप आधी ज्या पातळीवर होतं तेवढंच गाडा, बुंध्याशी मातीचा ढीग नको.

पाण्याचं वेळापत्रक मला विचारू नका, कारण नेमकं त्यानेच ही रोपं जातात. तुळशीला पाणी घालायची वेळ ठरलेली असते, त्यात पूजा आहे, ती मोडायची गरज नाही. रोझमेरीची कुंडी मात्र तिथून उचला. गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा, म्हणजे सकाळच्या तांब्यातलं पाणी सवयीने तिच्यात जाणार नाही. तिला पाणी द्यायचं ते बोट घालून बघून. दोन पेरं आत कोरडं लागलं की भोकातून वाहीपर्यंत भरपूर पाणी घाला, आणि मग पुन्हा कोरडं होईपर्यंत विसरा. रोज थोडं थोडं नको. मे महिन्यात मातीच्या कुंडीला एक दिवसाआड लागू शकतं, डिसेंबरात चार-पाच दिवसांनी, आणि पावसाळ्यात आडोशाला असेल तर आठ-दहा दिवस काहीच लागणार नाही. पाणी मातीत घाला, पानांवर शिंपडू नका.

याचा अर्थ तिला तहानलेली ठेवायची असा मात्र नाही. रोझमेरीला पाणी लागत नाही हे वाचून काही जण उन्हाळ्यात गावाला जाताना ती तशीच सोडतात. कुंडीतली मुळं खडकात खोल जाऊ शकत नाहीत. मेच्या आठ दिवसांत झाड आतून वाळतं आणि परत आल्यावर हिरवंच दिसतं, हात लावला की पानं झडतात. गावाला जाणार असाल तर शेजारच्यांना किल्ली द्या, आणि बोट घालून बघायलाही शिकवा.

आता तुमची दक्षिणेची गॅलरी. हा तुमच्या घरापुरता मुद्दा आहे आणि तो मोठा आहे. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, ऊन तिरपं होऊन गॅलरीत खोलवर येतं. म्हणून जानेवारीत आणलेलं पहिलं रोप तुमच्याकडे रमलं. पण पुण्यात मेच्या मध्याला शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर, आणि पुन्हा जुलैच्या शेवटी. या दोन दिवसांच्या मधल्या काळात दुपारचा सूर्य डोक्यावरून थोडा उत्तरेकडे असतो. वरच्या मजल्याचा स्लॅब आहे, म्हणजे तुमच्या गॅलरीत त्या दिवसांत थेट ऊन जवळजवळ नाहीच. वर ढग. रोझमेरीला दिवसाचे निदान सहा तास ऊन लागतं. ऊन नाही म्हणजे झाड पाणी ओढत नाही, माती सुकत नाही, आणि तांब्याभर पाणी रोज चालूच. रोप नेमकं ज्या महिन्यांत गेलं ते हेच महिने.

घराला पूर्वेची खिडकी आहे का? मे ते सप्टेंबर कुंडी तिच्या बाहेरच्या कठड्यावर ठेवा, सकाळचं ऊन मिळेल. सोसायटीची गच्ची वापरता येत असेल तर त्याहून चांगलं: चार विटांवर कुंडी, वर तिरका पारदर्शक पत्रा, चारही बाजू उघड्या. पाऊस अडावा पण वारा अडू नये. पावसापासून वाचवायला म्हणून तिला दिवाणखान्यात आणून ठेवू नका. घरातल्या अंधारात आणि कोंडलेल्या हवेत पानांवर पांढरी भुरी चढते.

मेमधल्या वळवाला घाबरू नका. अर्धा तास धो-धो पडतो, पानांवरची धूळ धुतो, दुसऱ्या दिवशी ऊन असतं. असा पाऊस तिला आवडतोही. झड लागली की मात्र आडोसा. आणि झड लागण्याआधी, मेच्या शेवटी, झाडाच्या आतल्या दाटीतल्या बारीक फांद्या आणि मातीला टेकणारी खालची पानं काढून टाका. आरपार हवा गेली पाहिजे. हे दहा मिनिटांचं काम मी कधी चुकवत नाही. ज्या वर्षी चुकलं त्या वर्षी आतून काळं पडायला सुरुवात झाली होती.

छाटणीचा एकच कडक नियम आहे. हिरवी पानं असलेल्या भागातच कापायचं. जास्वंद बुडापासून छाटली तरी फुटते, रोझमेरीचं उघडं जून लाकूड फुटत नाही. पानं नसलेल्या जागी कापलं तर ती फांदी संपली. एका वेळी एक तृतीयांशाहून जास्त काढू नका. मोठी छाटणी दिवाळीच्या आसपास, पाऊस सरल्यावर. लहान असल्यापासून शेंडे खुडत राहिलात तर झाड बुटकं, भरगच्च होतं. नातवाच्या बटाट्यांसाठी रोज दोन शेंडे लागतील तेच खुडणं पुरेसं आहे. त्याला सांगा, देठाच्या बुडातून ओरबाडायचं नाही, वरून तीन बोटं कापायचं. तेल गरम झालं की शेंडा त्यात घाला, कढीपत्त्यासारखा, आणि मग बटाटे टाका. वरून भुरभुरण्यापेक्षा स्वाद जास्त उतरतो.

खताबद्दल थोडक्यात: पाऊस संपल्यावर मूठभर जुनं शेणखत, फेब्रुवारीत आणखी मूठभर. बस. युरिया किंवा दर पंधरा दिवसांनी द्रवखत दिलं तर फांद्या लांब, लुळ्या होतात आणि वास कमी होतो. तिच्या तेलात निलगिरीत असतं ते सिनिओल असतं, कापूर असतो. ऊन आणि किंचित उपासमार यांत हे तेल चांगलं भरतं. आजाऱ्या रोपाला खत म्हणजे तापात पुरणपोळी, तेव्हा ते पुन्हा करू नका. कीड फार येत नाही. पिठ्या ढेकूण दिसला तर साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या कापसाने पुसून काढा. उन्हाळ्यात पानांवर बारीक पांढरट ठिपके आणि जाळी दिसली तर लाल कोळी आहे, सकाळी पाण्याचा जोरदार फवारा पानांच्या पोटाशी मारा आणि दिवसभर उन्हात वाळू द्या. जे पोटात जाणार त्यावर रासायनिक औषध नको.

सोसायटीच्या वाफ्याबद्दल मला दोन गोष्टी कळायला हव्यात, त्या तुम्हीच बघा. तिथे एक फूट खड्डा खणा, बादलीभर पाणी ओता आणि ते जिरून जाऊ द्या. मग दुसरी बादली ओतून घड्याळ लावा. तासाभरात ते जिरलं तर जागा चांगली. दुसऱ्या दिवशीही तळाशी पाणी दिसलं तर तिथे काळी माती किंवा बांधकामाच्या वेळचा दाबलेला भराव आहे, आणि तिथे जमिनीच्या पातळीवर रोझमेरी लावणं म्हणजे चौथं रोप घालवणं. अशा जागी विटांची कड करून फूट-दीड फूट उंच वाफा बांधा आणि त्यात मुरूम-वाळूचं मिश्रण भरा. उंच वाफ्यातलं पाणी खाली उतरून जातं, आणि मुळांना पसरायला जागा मिळाल्याने कुंडीपेक्षा झाड जास्त दमदार होतं. टेकडीच्या उताराकडच्या सोसायट्यांना हा त्रास कमी, तिथे खाली मुरूमच लागतो.

दुसरी गोष्ट, पाणी कोण घालतं. माळीकाका पाइप धरून सगळ्या बागेला सारखं पाणी देतात, त्यांचं काही चुकत नाही. पण कर्दळ, जास्वंद आणि हिरवळ यांच्या शेजारी ही जगणार नाही. वाफा भिंतीच्या दक्षिण किंवा पश्चिम अंगाला, छपराची पन्हळ जिथे गळत नाही अशा जागी असावा, आणि माळीकाकांना एकदा नीट समजावून सांगा. शेजाराला कोरफड चालेल, लव्हेंडर चालेल. दोन झाडांत अडीच-तीन फूट अंतर सोडा, आता मोकळं दिसलं तरी. बुंध्याभोवती पालापाचोळ्याचं आच्छादन नको, बारीक खडी पसरा. ती वाळते लवकर आणि पावसाचे चिखलाचे शिंतोडे खालच्या पानांवर उडू देत नाही.

सूनबाईंना सांगा, केसांसाठी आठवड्याला पातेलंभर पाणी करायचं तर एका कुंडीची पानं पुरणार नाहीत, आणि पुरवायला गेलात तर झाड बोडकं होईल. वाफ्यात तीन झाडं दोन वर्षांची झाली की मग बघू. २०१५ साली रोझमेरीच्या तेलाची मिनॉक्सिडिल या केसगळतीवरच्या औषधाच्या दोन टक्के द्रावणाशी सहा महिने तुलना करणारा एक छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला होता, दोन्हींचा परिणाम जवळपास सारखा दिसला. त्यावरूनच बरंचसं बोललं जातं. पण तो तेलावरचा होता, घरी उकळलेल्या पाण्यावरचा नव्हता. केस खरोखर गळत असतील तर त्यांनी आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावं.

आणि एक सवय लावून घ्या. दर ऑक्टोबरात दोन-तीन फाटे लावून ठेवायचे, किंवा खालची एखादी लांब फांदी वाकवून शेजारच्या कुंडीतल्या मातीत दाबून वर दगड ठेवायचा. दाब कलमाला मूळ फुटलं की कापून वेगळं करायचं. पुण्याच्या पावसाळ्यात एखादं झाड दगावलं तरी दुसरं हाताशी असतं. जास्तीचं झालं तर शेजारी द्या, आणि देताना तुळशीपासून लांब ठेवायला सांगा.

आज लावलेल्या फाट्यांना सप्टेंबरअखेर अलगद ओढून बघा. हाताला अडकल्यासारखं लागलं तर मूळ धरलंय. किती धरले ते मला कळवा.